सोळा आण्यांपैकी किती? अंबाजोगाईची नावे, जुन्या पोथ्या आणि फझी लॉजिक

१/
अंबाजोगाईच्या इतिहासाची सारी साधने संगणकावर चढली आहेत, असे क्षणभर समजू. शिलालेखांची वाचने, पोथ्यांच्या पुष्पिका, निजामकालीन दफ्तर, गॅझेटिअरांची भाषांतरे, सारे काही. आता शोधचौकटीत ‘अंबाजोगाई’ असे लिहून कळ दाबली, तर जुन्यातले जुने आणि मोलाचे कागदच नेमके हाती लागणार नाहीत. ते तिथेच असतील. यंत्र मात्र ‘एकही नोंद सापडली नाही’ असे सांगेल.

२/
हे असे का होते, त्यावर संगणकशास्त्राने कोणता उपाय काढला, आणि त्या उपायाशी जुळणारी एक शिस्त आपल्या मराठी पोथ्यांत किती आधीपासून होती, हे या धाग्यात पाहू. विषय थोडा तांत्रिक आहे, पण गणित पाचवीच्या पलीकडचे नाही. आणि शेवटी हा प्रश्न बीड जिल्ह्यात केवळ अभ्यासकांचा उरलेला नाही, हेही दिसेल.

३/
आधी नावांचा गुंता. या गावाचे जुने नाव आंबे, जोगाईचे आंबे. कोणी ते ‘अंबे’ लिहिते, कोणी ‘आंबे’, कोणी ‘अम्बे’. हैदराबाद राज्यात ते मोमिनाबाद झाले; हैदराबाद कंटिंजंटची छावणी याच नावाने ओळखली जाई. इंग्रजी अंमलदारांच्या लेखनात बीडचे ‘भीर’ होते. ‘अंबाजोगाई’ हे आजचे सरकारी नाव यांपैकी बहुतेक कागदांच्या नंतरचे आहे. म्हणजे आपण जे नाव विचारतो, ते लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हते.

४/
तारखांचेही तेच. शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ असे आपण सहज म्हणतो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे त्याचा अखेरचा भाग ११८९ मध्ये पडतो. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण तेथे वर्षारंभ ऑक्टोबरात. फसली १३१८ चा कागद १९०८ चा की १९०९ चा? उत्तर महिन्यावर अवलंबून. महिना फाटून गेला असेल, तर तो दोन्ही वर्षांचा, कमी-अधिक प्रमाणात.

५/
यंत्राला हे ‘कमी-अधिक’ कळत नाही. त्याच्या मूळ तर्कात दोनच उत्तरे आहेत : जुळते किंवा जुळत नाही, १ किंवा ०. मराठी माणूस मात्र असे बोलत नाही. एखादी गोष्ट पूर्ण खरी असली की आपण तिला ‘सोळा आणे खरी’ म्हणतो. म्हणजे बारा आणे, आठ आणे, चार आणे खरेपणाही आपल्या भाषेने गृहीत धरलेला आहे.

६/
महसूल खात्याने तर या कल्पनेचा कारभारच केला. पीक पूर्ण आले तर सोळा आणे, निम्मे आले तर आठ आणे : ही आणेवारी. पुढे नाणे बदलले आणि तिची पैसेवारी झाली. बीडसारख्या वारंवार अवर्षणग्रस्त जिल्ह्यात तिचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. ५० पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होई. आता ४९ पैशांचे गाव आणि ५१ पैशांचे गाव यांच्या शिवारांत फरक तो कितीसा? पण कागदावर एक दुष्काळी, दुसरे नाही. मोजमाप बारकाईचे होते, आणि त्यावरचा निर्णय मात्र दोनच कप्प्यांचा. हा भेद लक्षात ठेवावा. शेवटी तो पुन्हा लागेल.

७/
१९६५ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक लोत्फी झादेह यांनी ‘फझी सेट्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. झादेह यांचा जन्म १९२१ चा, बाकू शहरातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी वस्तू एखाद्या समूहात आहे की नाही एवढेच न विचारता ती त्या समूहात किती प्रमाणात आहे हे विचारावे, आणि ते प्रमाण ० ते १ यांमधल्या आकड्याने दाखवावे. याला सदस्यत्वाची मात्रा म्हणतात. आपण तिला आणेवारी म्हटले तरी अर्थ बिघडत नाही.

८/
येथे एक गैरसमज टाळायला हवा. ही मात्रा म्हणजे संभाव्यता नव्हे. ‘हा कागद १९०९ चा असण्याची शक्यता ०.७५ आहे’ या वाक्यात कागद एकाच वर्षाचा आहे, आपल्याला ते वर्ष ठाऊक नाही, इतकेच. पण ‘फसली १३१८ हे वर्ष ०.७५ इतक्या प्रमाणात १९०९ मध्ये मोडते’ या वाक्यात अज्ञान काहीच नाही. ते वर्ष खरोखरच दोन वर्षांत विभागलेले आहे. इतिहासकाराला दोन्ही प्रकारची वाक्ये लागतात, आणि त्यांची गल्लत महागात पडते.

९/
आता एक्सएमएल. साध्या मजकुरात शब्दामागून शब्द येतो. कोणता शब्द गावाचे नाव, कोणता माणसाचे, कोणता तारखेचा, हे यंत्राला समजत नाही. म्हणून मजकुराच्या भागांना खुणा, म्हणजे टॅग, लावण्याची पद्धत निघाली. १९८६ मध्ये एसजीएमएल या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिचे सुटसुटीत रूप, एक्सएमएल, मान्य झाले. त्यात खुणांची नावे देवनागरीतही ठेवता येतात. जुन्या ग्रंथांच्या संगणकीय संहिता जगभर आज मुख्यतः याच पद्धतीने सिद्ध होतात.

१०/
एक्सएमएल कागदाचा आकार झाडासारखा असतो. ग्रंथाच्या पोटात प्रकरण, प्रकरणाच्या पोटात परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात स्थळनाम. मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ पाहा : एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे त्याचे भाग, भागांत लीळा, प्रत्येक लीळेला तिचे नाव, लीळेत स्थळ, माणसे, संवाद. स्थळांसाठी तर महानुभावांनी ‘स्थानपोथी’ हा स्वतंत्र ग्रंथच केला. गेवराई तालुक्यातील गोदाकाठचे पांचाळेश्वर, म्हणजे महानुभावांचे आत्मतीर्थ, याच परंपरेने जपलेले स्थान आहे.

११/
या ग्रंथाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. स्मरणे सर्वांची सारखी नसतात. त्यामुळे एकाच लीळेचे निरनिराळे पाठ झाले.

१२/
अशा वेळी एकच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. महानुभाव लेखकांनी तसे केले नाही. हा पाठ कोणाचा, तो कोणाचा, याची नोंद त्यांनी पोथीतच जपली. अशा पाठभेदाला त्यांच्या परिभाषेत ‘वासना’ म्हणतात. एका कथनाशेजारी दुसऱ्याची वासना उभी राहते आणि वाचकाला कळते की येथे साक्षीदार एकमुखी नाहीत. आकडे नव्हते, तराजू मात्र होता.

१३/
याच गोदावरीच्या काठी, पैठणला, वेगळी वाट निवडली गेली. नाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हातोहाती झालेल्या नकलांत मजकूर बिघडला होता. त्यांनी अनेक पाठांतून एक शुद्ध पाठ सिद्ध केला. पारायणासाठी, कीर्तनासाठी एकच पाठ हवा असतो, आणि नाथांचे हे काम मराठी संस्कृतीवरचे मोठे ऋण आहे. पण जे पाठ मागे पडले ते का मागे पडले, हे आज आपल्याला त्या प्रतीवरून सांगता येत नाही.

१४/
मग विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांना बीडजवळच्या पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. प्रचलित पाठाहून तिची भाषा वेगळी आणि अधिक प्राचीन वळणाची होती. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. बीड जिल्ह्यातल्या एका पोथीने दाखवून दिले की शुद्ध पाठ हाती आला म्हणजे इतर पाठांचे काम संपत नाही.

१५/
या दोन वाटा, एक पाठ निवडणे आणि सर्व पाठ तोलून शेजारी ठेवणे, संगणकातही जशाच्या तशा आहेत. एक्सएमएल कागदांतून हवा तो भाग काढण्यासाठी १९९९ मध्ये एक्सपाथ ही भाषा मान्य झाली, २००७ मध्ये एक्सक्वेरी. दोहोंचा मूळ स्वभाव पहिल्या वाटेचा : ‘ज्या ग्रंथात, पुष्पिकेत, स्थळनाम आंबे असेल, ते दे.’ स्थळनाम पुष्पिकेऐवजी प्रस्तावनेत असले, किंवा ‘अंबे’ असे लिहिलेले असले, की उत्तर शून्य.

१६/
म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून संशोधक दुसरी वाट बांधू लागले. २००१ मध्ये नॉर्बर्ट फूर आणि काय ग्रोसयोहान यांनी एक्सआयआरक्यूएल ही क्वेरीभाषा मांडली. तिच्यात उत्तरांना वजन होते. २००२ पासून ‘आयनेक्स’ या उपक्रमात अशा शोधपद्धतींची तुलनात्मक कसोटी घेतली जाऊ लागली. इतरांनी एक्सपाथमध्ये फझी लॉजिक गुंफले. २०११ मध्ये एक्सक्वेरी आणि एक्सपाथसाठी पूर्णमजकूर शोधाचे मानक आले, त्यात प्रत्येक उत्तराला ० ते १ यांमधला गुण देण्याची सोय आहे.

१७/
हा गुण ठरतो कसा? मुख्यतः तीन प्रश्नांवरून. पहिला : शब्द किती जुळतो? दुसरा : तो झाडाच्या योग्य फांदीवर सापडला का? पुष्पिकेतले स्थळनाम आणि संपादकाच्या तळटीपेतले स्थळनाम सारखे मोलाचे नाही. तिसरा : काळ, व्यक्ती यांसारख्या इतर अटी किती पुऱ्या होतात? प्रत्येकाची मात्रा काढायची, मग त्या एकत्र करायच्या.

१८/
पहिल्या प्रश्नापासूनच गंमत सुरू होते. शब्दांतले अंतर मोजण्याची एक प्रसिद्ध रीत व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाची, तीही १९६५ चीच. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात, ते मोजायचे. त्या संख्येला मोठ्या शब्दाच्या लांबीने भागायचे आणि भागाकार १ मधून वजा करायचा. संगणक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरतो. ‘आंबे’ हा शब्द घेऊन मी हे हाताने करून पाहिले.

१९/
आंबे आणि अंबे : ०.७५
आंबे आणि अम्बे : ०.४०
आंबे आणि आंभोरा : ०.३३
आंबे आणि अंबाजोगाई : ०.२२
आंबे आणि मोमिनाबाद : ०.११

कानाला जवळजवळ एकच वाटणारे ‘आंबे’ आणि ‘अम्बे’ निम्म्याहूनही कमी जुळतात, ही पहिली नवलाई. खरी मेख पुढे आहे.

२०/
मोमिनाबाद म्हणजे तेच गाव. इतिहासाच्या हिशेबाने मात्रा पूर्ण १. अक्षरांच्या हिशेबाने तळाला. आणि आंभोरा हे नागपूर जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे दुसरेच गाव. पण अक्षरांच्या हिशेबाने ते खुद्द अंबाजोगाईच्या वर जाऊन बसले. म्हणजे नुसत्या शब्दसाम्याला फझी म्हणून भागत नाही. कोणत्या काळात कोणत्या गावाला काय म्हणत, याची कोणीतरी कष्टाने केलेली नामसूची यंत्राच्या हाती हवी. ती यंत्र करू शकत नाही; ती दफ्तरात बसून माणसालाच करावी लागते.

२१/
आंभोऱ्याचे नाव मी उगाच घेतले नाही. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ, त्यातच सांगितल्याप्रमाणे, शके १११० चा. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा. त्यात अंबानगरीचा उल्लेख आहे. ही अंबानगरी कोणती? मराठवाड्याचा कौल अंबाजोगाईला : येथे मुकुंदराजांची समाधी आहे, आंबे हे नाव आहे, शतकांची परंपरा आहे. विदर्भातील अभ्यासकांचा कौल आंभोऱ्याला : ग्रंथातल्या अंबानगरीच्या नदीचे नाव ते वैनगंगा असे वाचतात, आणि मुकुंदराजांचे परमगुरू हरिनाथ यांची समाधी आंभोऱ्याला दाखवली जाते.

२२/
ग्रंथाशी जोडल्या जाणाऱ्या जैतपाळ राजाचेही असेच. तो देवगिरीच्या यादवांचा जैतुगी म्हणावा, तर त्याची कारकीर्द साधारण ११९१ पासूनची. शके १११० पेक्षा जरा उशिराची. तो खेरळ्याचा जैतपाळ म्हणावा, तर पारडे विदर्भाकडे झुकते. शिवाय ‘विवेकसिंधु’च्या हाती असलेल्या पोथ्या नंतरच्या काळातल्या नकला आहेत; त्यांची भाषा नकलाकारांच्या हातून बदलत आली आहे.

२३/
आता ‘मुकुंदराज, आंबे, शके १११०’ अशी क्वेरी केली आणि दोन नोंदी मिळाल्या असे समजू. (आकडे केवळ उदाहरणापुरते.) पहिली नोंद : नाव ०.९, काळ ०.९, पण जागा ०.३, कारण उल्लेख एका आधुनिक तळटीपेतला. दुसरी : नाव ०.६, काळ ०.६, जागा ०.७, कारण उल्लेख पोथीच्या पुष्पिकेतला. कोणती वर ठेवावी?

२४/
झादेह यांच्या मूळ नियमानुसार ‘आणि’ने जोडलेल्या अटींची एकत्र मात्रा म्हणजे त्यांतली सर्वांत लहान मात्रा. तसे केले तर पहिली ०.३ आणि दुसरी ०.६. पुष्पिका वर येते. सरासरी काढली तर पहिली ०.७ आणि दुसरी ०.६३. तळटीप वर येते. कागद तेच, आकडे तेच, क्रम उलटा. सर्वांत दुबळ्या साक्षीवर भिस्त ठेवायची, की बळकट साक्षींनी दुबळीला सावरू द्यायचे, हा प्रश्न गणिताचा नाही. तो साधनचिकित्सेचा आहे, आणि नियम निवडणाऱ्याने तो नकळत सोडवलेला असतो.

२५/
म्हणून मुकुंदराजांचा वाद कोणतेही यंत्र मिटवील अशी आशा मला नाही. पण ते एक काम चांगले करू शकते : अंबाजोगाईच्या अभ्यासकासमोर आंभोऱ्याचा पुरावा आणि आंभोऱ्याच्या अभ्यासकासमोर अंबाजोगाईचा पुरावा, प्रत्येकाच्या मात्रेसह, कारणासह, एकाच यादीत ठेवू शकते. आपापल्या गावापुरते ‘होय’ शोधणाऱ्या दोघांनाही ‘वासना’ वाचायला लावू शकते.

२६/
आता अभ्यासिकेबाहेर येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन व इतर जुन्या दस्तऐवजांतून कुणबी नोंदी शोधण्याच्या कामाशी ती संबंधित होती. बीडसह मराठवाडाभर उर्दू आणि मोडीतले दप्तर उघडले गेले. ज्या कागदांकडे एरवी आमच्यासारखे मोजके विद्यार्थी फिरकत, त्यांच्यातल्या एका शब्दावर घराघरांतली प्रमाणपत्रे, प्रवेश, नोकऱ्या अवलंबून राहिल्या. आरक्षणाच्या प्रश्नाची बाजू मांडण्याचा येथे हेतू नाही; शोधाच्या प्रक्रियेपुरतेच बोलू.

२७/
असा एक शब्द शोधणे वाटते तितके सोपे नसते. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, आणि घाईच्या हातात नुक्ते गळतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि लांब शब्द अनेकदा आद्याक्षरांवर भागवले जातात. शिवाय तो शब्द जातीच्या रकान्यात आला की नावाचा भाग म्हणून, की शेती कसणारा अशा व्यवसायवाचक अर्थाने, यावर त्याचे मोल बदलते. हाच तो झाडाच्या फांदीचा प्रश्न. नेमका शब्द मागणाऱ्या शोधात असे कितीतरी कागद ‘सापडले नाहीत’ या कप्प्यात जातील. आणि नुसते अक्षरसाम्य पाहणाऱ्या शोधात भलतेच कागद वर येतील.

२८/
येथे पैसेवारीची आठवण होते. कायद्याला अखेर ‘होय’ किंवा ‘नाही’ लागते. साडेबारा आणे प्रमाणपत्र कोणाला देता येत नाही. म्हणून फझी क्रमवारीचे स्थान निर्णयाच्या आधीचे आहे : लाखो पानांच्या ढिगातून तज्ज्ञ वाचकाने कोणते पान आधी उघडावे, एवढेच तिने सांगावे. ०.८ मात्रेचे पान हा पुरावा नव्हे आणि ०.२ मात्रेचे पान हे खंडन नव्हे. पण व्यवहारात यादीच्या तळाचे पान वाचलेच जात नाही, आणि न वाचलेले पान कालांतराने नसलेले पान ठरते. धोका इथे आहे.

२९/
त्यावर उपाय म्हाइंभटांच्या परंपरेतूनच घ्यावासा वाटतो. यंत्राने प्रत्येक उत्तरासोबत आपली वासना सांगावी : नाव इतके जुळले, जागा इतकी, काळ इतका, नियम सरासरीचा की सर्वांत दुबळ्या साक्षीचा, नामसूची कोणी केली. एकच एकत्रित आकडा देऊन मोकळे होणारी यादी ही कारणे गाळलेल्या शुद्ध प्रतीसारखी असते. वापरायला सोयीची, तपासायला अशक्य.

३०/
मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता पोथ्यांचे छायांकन आणि संहितांचे संगणकीकरण होईल, व्हायलाच हवे. ते करताना प्रत्येक पाठ, प्रत्येक जुने नाव, प्रत्येक शंका आपापल्या खुणेसह नोंदली गेली, तरच उद्याच्या शोधाला तोलण्यासारखे काही उरेल. एकच ‘प्रमाण’ रूप चढवून बाकीचे सोडून दिले, तर कितीही हुशार यंत्र आणले तरी आंबे आणि मोमिनाबाद यांची गाठ पडणार नाही.

३१/
धागा येथे थांबवते. आपल्या गावाची जुनी नावे, म्हणजे सातबाऱ्यावरची, खासरापत्रकातली, आजीच्या तोंडची, नकाशावर नसलेली, कोणाला ठाऊक असतील तर खाली अवश्य लिहावीत. शक्य असेल तर ते नाव कोणत्या कागदात पाहिले वा कोणाकडून ऐकले हेही. दोन माणसांनी दोन वेगळी रूपे सांगितली तर फारच उत्तम. दोन्ही टिपून ठेवीन, ज्याच्या-त्याच्या नावासह. चूक आढळल्यास निःसंकोच दाखवावी.